नसलेल्या हमची दुरुस्ती

अनंता,

तुझा अँप्लिफायर ठणठणीत आहे. हे आधी सांगतो, कारण तू आधी तेच विचारलं असतंस. माझी तब्येत, वहिनींचं जेवण, मुक्ता कधी निघते, हे सगळं नंतर. ठणठणीत आहे आणि पूर्वीही ठणठणीतच होता. आपलं भांडण याच वाक्यावर येऊन अडलं होतं आणि ते तसंच अर्धं टाकून तू चालता झालास. भांडण अर्धं टाकायची तुझी सवय जुनीच. पण दर वेळी पुढच्या रविवारी तू बरोबर तिथूनच सुरू करायचास, मधला आठवडा झालाच नाही असं समजून.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर एक लेख मी देऊन टाकला आहे. तू साताऱ्याहून लखनौला कसा आलास, झाडपाल्यावर काय संशोधन केलंस, मंडळाच्या गणपतीत साउंडची बाजू कशी सांभाळलीस, ते सगळं त्यात आहे. चांगला उतरलाय म्हणतात. हा दुसरा लेख आहे आणि तो कुणालाही द्यायचा नाही. यातलं एक वाक्यही वहिनींच्या नजरेला पडता कामा नये. का, ते पुढे येईलच.

आपली ओळखच मुळी हममुळे झाली. अँप्लिफायर नुसता चालू केला की गाणं लावलेलं नसतानाही मागे घुंऽऽ करून जो आवाज येत राहतो, तो हम. मंडळाचा सत्यनारायण होता, हॉल भाड्याचा, आणि माइकमधून असा काही हम येत होता की गुरुजींचे मंत्र पिठाच्या चक्कीतून दळून बाहेर पडावेत. तू इंदिरा नगरचा सायंटिस्ट, वनस्पतींत औषधं शोधणारा. मी मानक नगरचा, रेल्वेच्या डब्यांना हादरे देऊन ते किती सोसतात हे मोजणारा. तू स्टेजमागे गुडघ्यांवर बसून वायरींना कान लावत होतास. तेवढ्यात हॉलचे शुक्लाजी आले. तू त्यांना तुझ्या सातारी हिंदीत म्हणालास, "भैया, इसमें हम आ रहा है." शुक्लाजींनी अदबीने हात जोडले. "तो आइए ना साहब, आपको रोका किसने है?"

इथले लोक 'मी'ला 'हम' म्हणतात आणि आपण मराठी माणसं हिंदी क्रियापदांची काय वाट लावतो, हे दोन्ही त्या एका वाक्यात आलं. मी तिथेच पायरीवर बसून हसलो. तू चिडलास. मग दोघांनी मिळून शोधलं. अर्थिंग दोन जागी झालं होतं. मी वायरी कुठून कुठे गेल्यात ते बघून एकीवर बोट ठेवलं, तू कानाने माग काढत त्याच वायरीवर आलास. ती काढली आणि हम थांबला. मी म्हणालो, डोकं वापरलं की वेळ वाचतो. तू म्हणालास, कान वापरला की डोकं वाचतं. त्या दिवसापासून आपण भांडतो आहोत.

लोकांना वाटायचं आपण दोघं जुने अँप्लिफायर दुरुस्त करतो. खरं म्हणजे आपण भांडायचो, आणि मधल्या वेळात ते दुरुस्त व्हायचे. कुणाच्या बदलीत मागे राहिलेले, कुणाच्या आजोबांनी परदेशातून आणलेले, माळ्यावर उंदरांनी वायरी कुरतडलेले. "ले जाइए अंकल, जगह घेर रहा है," असं म्हणून लोक देऊन टाकायचे. तुझ्या मागच्या खोलीत वहिनींची साड्यांची ट्रंक होती, ती तू हळूहळू सरकवत दाराबाहेर काढलीस आणि तिच्या जागी टेबल आलं. मशीन पहिल्यांदा चालू करताना मधे साधा बल्ब जोडायचा, म्हणजे आत कुठे शॉर्ट असलं तर बल्ब भकदिशी पेटतो आणि मशीन वाचतं. तो बल्ब आधी उजळून मग मंद होईपर्यंत तू श्वास धरून ठेवायचास. मंद झाला की मी मीटर उचलायचो आणि तू हेडफोन. मी आकडे बोलायचो, तू डोळे मिटून बसायचास. आकडे चांगले आले तरी तू मान हलवत नसायचास. "आकडे ठीक आहेत यार, पण हा गात नाहीये," असं म्हटलंस की माझं डोकं फिरायचं. ट्रान्सफॉर्मरला आणि कपॅसिटरला गळा असतो का?

पण एक कबूल करतो. मला गाणं ऐकायला तू शिकवलंस. मी तोवर गाण्यात फक्त दोष ऐकायचो, फाटतंय का, घरघरतंय का. तू म्हणालास, "आधी नुसता तानपुरा ऐक. गाणाऱ्याकडे बघू नकोस, तो कुठे पळून जात नाही." मी ऐकला. पहिल्यांदा काही कळलं नाही. मग एका दुपारी कळलं, आणि काय कळलं ते मला अजून सांगता येणार नाही. माझी सुधा संसार अर्धा टाकून वारली तेव्हा लोक येऊन माझ्यापाशी बसत, पाठीवर हात ठेवत, देवाची इच्छा म्हणत. तू एका शब्दानेही काही बोलला नाहीस. ऑटोतून एक अँप्लिफायर आणि दोन स्पीकर घेऊन आलास, माझ्या हॉलमध्ये न विचारता लावलेस, तिच्या तुळशीची कुंडी दोन वेळा इकडून तिकडे केलीस आणि जाताना म्हणालास, "घरात आवाज राहू दे." मी तुझे आभार मानले नाहीत. आभार मानले असते तर तू मशीन परत घेऊन गेला असतास.

आता त्या शेवटच्या मशीनबद्दल.

हजरतगंजमधल्या एका जुन्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावरून आपण ते खाली उतरवलं. चंदेरी तोंड, लाकडी पेटी, पुढे दोन काटे आणि त्यांच्या मागे पिवळा उजेड. एक बाजू पूर्ण बंद, व्हॉल्यूमच्या बटणात धूळ, आत कोळ्यांची वसाहत. हिवाळाभर आपण त्याच्यावर बसलो. नाक्याच्या बाजारातून आणलेले कपॅसिटर तू नुसते तळहातावर तोलून परत केलेस, "हे पोकळ आहेत, वरचे कपडे नवीन आणि आतला माणूस जुना." मी मोजले तर खरंच निम्मेसुद्धा भरले नाहीत. मग बाहेरून मागवले. शेवटी ते मशीन असं लागलं की मी माझा सगळ्यात बारीक मीटर लावला तरी गाण्यामागे काही सापडेना. आपण आजवर केलेल्यांत सगळ्यात निर्मळ. तूही तेव्हा मान हलवलीस. "गातोय," म्हणालास. मला वाटलं, चला, एकदा तरी आपलं दोघांचं जमलं.

होळी होऊन गेली आणि तुझा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "यात हम आहे."

मी आलो. ऐकलं. काही नव्हतं. तू म्हणालास, तुझ्या बाजूने पंखा चालू आहे म्हणून. पंखा बंद केला. तू म्हणालास फ्रिज. फ्रिज बंद केला. मग इन्व्हर्टर, मग कूलर, मग शेजारच्या मिश्रांकडे जाऊन तू त्यांची पाण्याची मोटर बंद करवून आलास. असं करता करता मे महिन्याची दुपार आली, बाहेर लूचा गरम वारा, आणि त्या बंद खोलीत आपण दोघं बनियनवर बसून काहीही न वाजणाऱ्या स्पीकरकडे तोंड करून ऐकतोय. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "दोघांपैकी कुणाला आधी चक्कर येते ते सांगा, म्हणजे मी त्याच्यासाठी आधी सरबत करते." तू त्यांना हाताने गप्प केलंस. "आता ऐक," मला म्हणालास. रस्त्यावर सब्जीवाला ओरडत होता, तो पुढे गेला. मग काहीच नव्हतं. मी तुझ्याकडे बघितलं तर तू बोटाने मांडीवर ताल धरला होतास. "ऐकलंस? हा साधा हम नाही. हा हलतो. धक्, धक्, धक्. मोटरबोटिंग आहे हे."

मोटरबोटिंग म्हणजे आपल्याला नवीन काही नव्हतं. आतला एखादा कपॅसिटर ढिला पडला की मशीन स्वतःशीच हेलकावे घेऊ लागतं आणि लांबून होडीचं इंजिन यावं तसा आवाज येतो. औषध ठरलेलं: कपॅसिटर बदला. तू बदललास. दोन रविवारांनी म्हणालास, अजून आहे. परत बदललास, वेगळ्या कंपनीचा. अजून आहे. एकदा मी खालून हाक मारली म्हणून तू मीटर द्यायला खाली आलास आणि धावत जिना चढून परत वर जाऊन बसलास. वरून ओरडलास, "ये, लवकर ये, आता जोरात येतोय! सप्लाय तापलाय!" मी वर येईपर्यंत तो पुन्हा हळू झाला होता. तू म्हणालास, बघ, थंड झाला. मी म्हणालो, तू येऊन बसल्यावर तो थंड होतो, चांगलं आहे. तू हसला नाहीस.

आणखी एकदा तर कमाल झाली. स्विच बंद होता, प्लगही काढलेला, आणि तू म्हणालास, येतोय. मी म्हटलं, अरे वायर जमिनीवर पडलीय. तू शांतपणे म्हणालास, "मोठे कपॅसिटर आहेत. रिकामे व्हायला वेळ लागतो." हे तूच मला सांगावंस! मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज संपायला वेळ लागतो हे खरं आहे, पुस्तकात तेच आहे, कुणीही शिकलेला माणूस हेच म्हणाला असता. म्हणूनच तर मला राग येतो. एखादा अडाणी माणूस असता तर त्याने मशीन सोडून स्वतःच्या कानात बोट घातलं असतं.

मग तू ते मशीन घेऊन माझ्याकडे आलास, माझ्या ऑसिलोस्कोपवर लावायला. मेट्रोत सामान तपासणाऱ्याने पडद्यावर आतली सगळी आतडी बघितली आणि विचारलं, "अंकल, ये क्या है?" तू म्हणालास, "बीमार है बेचारा, डॉक्टर के पास ले जा रहा हूँ." हे तू मला हसत सांगितलंस, पेटी मांडीवर घेऊन कसा बसलास आणि एका बाईने तुला सीट कशी दिली तेही. मी स्कोप लावला. पडद्यावर सरळ रेघ, म्हणजे आवाज शून्य. हव्या तेवढ्या वेळा मोठी करून बघितली, रेघ सरळच. तू डोळे मिटून माझ्या हॉलमध्ये बसलास आणि म्हणालास, "तुझ्याकडेही येतो. म्हणजे माझ्या घरच्या लाइनचा दोष नाही. यातच आहे."

तुझा तर्क बिनचूक होता, अनंता. जिथे जिथे हम होता, तिथे तिथे हे मशीन होतं. जिथे जिथे हम होता तिथे तिथे तूही होतास, हे मात्र आपल्यापैकी कुणीच हिशेबात धरलं नाही.

मी म्हटलं, यात काही नाही. तू म्हणालास, "म्हणजे माझ्या डोक्यात आहे म्हणतोस?" मी म्हटलं, "मी काहीच म्हणत नाही. मीटर म्हणतो." तू पेटी बंद केलीस. "तुझा मीटर बहिरा आहे." चहा ठेवला होता, तोही घेतला नाहीस. ऑटो बघायला म्हणून मी खाली आलो तर तू वळूनही बघितलं नाहीस. मला वाटलं, रविवारी बघू.

रविवार आला नाही. त्याच्या आधीच एका सकाळी वहिनींचा फोन आला. तू दाढी करताना पडला होतास.

हॉस्पिटलबद्दल तुला सांगण्यासारखं काही नाही, तू तिथे असून नव्हतास. वहिनी काचेपलीकडे तुझा हात धरून बसल्या होत्या. मी बाहेर बाकड्यावर होतो. एक तरुण डॉक्टर बाहेर आला, मास्क खाली केला आणि मला विचारलं, "अंकल, इनको पहले कभी कान में आवाज़ आती थी क्या? धक-धक जैसी? नब्ज़ के साथ-साथ?"

मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. त्याला वाटलं मला हिंदी कळली नाही. त्याने हातवारे करून समजावलं. डोक्यात एक शीर आणि एक धमनी जिथे जुळायला नको तिथे जुळली होती, आणि रक्त जोराने तिथून जायचं. काही जणांना तो आवाज ऐकू येतो, दुसऱ्या कुणाला येत नाही. शांत जागी जास्त येतो. पळालं, जिना चढलं की वाढतो. मी विचारलं, "और पहले पता चल जाता तो?" तो खरं बोलणारा मुलगा होता. "पकड़ में आ जाए तो इलाज होता है अंकल. पर अब..." त्याने वाक्य पूर्ण केलं नाही आणि तो आत निघून गेला.

म्हणजे तू बरोबर ऐकत होतास. मीही बरोबर मोजत होतो. इतक्या वर्षांच्या भांडणात पहिल्यांदा आपण दोघंही एकाच वेळी शंभर टक्के बरोबर होतो आणि त्याचा हा असा निकाल लागला. मला अपराधी वाटतं का असं तू विचारशील. नाही वाटत. दोन माणसं अँप्लिफायरसमोर बसून हम शोधतात तेव्हा ती अँप्लिफायरमध्येच शोधणार. पण अपराधी वाटलं असतं तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं. निदान काहीतरी करता आलं असतं, माफी मागता आली असती. हे नुसतं बरोबर असणं घेऊन मी कुठे जाऊ? ते कुणाला दाखवता येत नाही, टाकता येत नाही, आणि तुझ्याखेरीज त्यातली गंमत कुणाला कळायची नाही. होय, गंमतच. हे तुझ्या बाबतीत न होता तिसऱ्याच कुणाच्या बाबतीत झालं असतं, तर तू आणि मी हे आयुष्यभर लोकांना सांगत बसलो असतो.

गोमतीच्या काठावर सगळं झालं. मुक्ताने केलं. तिला मंत्रातलं काही कळत नव्हतं पण ती एकदाही चुकली नाही, तू असतास तर चारचौघांत नाक वर करून हिंडला असतास. दिवसकार्य झाल्यावर ती तुझ्या खोलीत उभी राहिली, मशिनींच्या रांगेसमोर. "काका, ये सब किसको देना है? मम्मा को तो मैं बंगलोर ले जा रही हूँ. घर किराए पर चढ़ जाएगा." मी म्हटलं, बघतो. मी काय बघणार? माझ्या घरात जागा आहे, पण मी एकट्याने ते लावून काय करू? हा छंद दोन माणसांचा होता. एक जण म्हणायचा गातोय, दुसरा म्हणायचा दाखव कुठे. आता मी मशीन लावतो, आकडे बघतो, बंद करतो. ऐकायला बसलो की पाच मिनिटांत उठतो. तू शिकवलेलं माझ्यातून इतक्या लवकर निघून जाईल असं वाटलं नव्हतं.

मुक्ता कुणाचातरी फोन घ्यायला बाहेर गेली तेव्हा वहिनी आत आल्या. तुझ्या स्टुलावर बसल्या नाहीत, टेबलाला धरून उभ्या राहिल्या. त्या चंदेरी मशीनकडे बघत होत्या.

"भाऊजी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना."

"मला रोज विचारायचे हे, तुला येतो का ऐकू. सकाळी पण, अंथरुणातून उठायच्या आत. मी म्हणायचे, मी सब्जी चिरू की तुमचा हम ऐकू. एकदासुद्धा नीट ऐकलं नाही मी." त्यांनी पदराने मशीनवरची धूळ पुसली. "ह्या मशीनमध्ये खरंच काही होतं का हो? की ह्यांनाच काही होत होतं आणि मी पोळ्या लाटत बसले?"

मी शेजारच्या मशीनचं बटण उगाच फिरवलं.

"तो डॉक्टर तुम्हाला बाहेर काय विचारत होता? मी बघितलं काचेतून. हाताने कानापाशी असं असं करत होता."

अंथरुणातून उठायच्या आत. तिथे कुठलं मशीन होतं रे? हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी एका क्षणात तुझा तर्क मोडला असता, आणि तुलाही तेच भय असणार. मग मला वाटलं, तुला कळलं होतं की काय? कळलं होतं आणि तरी कपॅसिटर बदलत बसलास? कारण कपॅसिटर बदलता येतो? याचं उत्तर तू देणार नाहीस आणि मला कधी मिळणार नाही. आपलं खरं अर्धवट भांडण हेच आहे. बाकीचं सगळं मी सोडून दिलं.

पण तेव्हा वहिनी उत्तराची वाट बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, मी जे बोलेन ते घेऊन त्या बंगलोरला जाणार आणि तिथल्या अनोळखी खोलीत रोज सकाळी उठायच्या आधी ते काढून बघणार. मी आयुष्यभर चाचण्यांचे अहवाल लिहिले. मोठमोठ्या साहेबांनी सांगूनही जे रीडिंग आलं नाही ते कधी लिहिलं नाही, तुला ठाऊक आहे, तू माझी त्यावरून थट्टाच करायचास.

"डॉक्टर ब्लडप्रेशरचं विचारत होते," मी म्हणालो. "कान वगैरे काही नाही. आणि हम होता, वहिनी. मशीनमध्येच होता. माझा मीटर तेवढा बारीक नव्हता. अनंताचं बरोबर होतं."

घे. जिंकलास. मी हे तुझ्या तोंडावर तू जिवंत असताना कधी बोललो नसतो.

वहिनींनी डोळे मिटले. खांदे खाली आले त्यांचे. मला वाटलं, संपलं, एवढ्यावर निभावलं. पण त्या तुझ्याच बायको.

"मग काढा ना तो," त्या म्हणाल्या. "बाकीच्या मशिनींचं काय करायचं ते करा. ही मी घेऊन जाणार. पण हम घेऊन नाही जाणार. ह्यांचा जीव अडकला होता त्यात."

आता मी काय सांगणार होतो? मी मीटर आणला नव्हता. त्याची गरजही नव्हती. मी तुझ्या स्टुलावर बसलो, तुझा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पेटी उघडली. आत तुझं काम होतं. तुझे टाके, ते मला कुठेही ओळखू येतील, कथिल जरा जास्तच, पण गोल आणि चकचकीत. एकही चुकीची जागा नाही. तू तिसऱ्यांदा बसवलेला कपॅसिटर पुढेच होता, त्याच्या पोटावर तुझ्या अंगठ्याचा काळपट ठसा. बदलायला दुसरं काही नव्हतं, आणि काहीतरी बदलल्याशिवाय वहिनी हलणार नव्हत्या. मी तो तापवून काढला. निरोगी, पूर्ण भरलेला, तुझ्या हातचा. खणात त्याच मापाचा दुसरा होता, तो लावला. माझा टाका तुझ्याइतका चांगला आला नाही. निघालेला कपॅसिटर मी खिशात घालत होतो तर वहिनींनी हात पुढे केला. "खराब ना हा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी तो केराच्या टोपलीत टाकला आणि मला बघत राहावं लागलं.

मधे बल्ब जोडून मशीन चालू केलं. बल्ब उजळला, मंद झाला. काट्यांमागचा पिवळा उजेड आला. मी रेकॉर्ड लावली नाही, आवाजाचं बटण मात्र शेवटपर्यंत फिरवलं, तू करायचास तसं. वहिनींनी स्वतःच जाऊन पंखा बंद केला, मग आत जाऊन फ्रिज बंद केला. मुक्ता दारात आली, काही विचारणार होती, आईचा चेहरा बघून थांबली.

वहिनी खाली जमिनीवर बसल्या. डोक्यावरून पदर मागे सारून त्यांनी स्पीकरच्या जाळीला कान लावला आणि ऐकत राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या खोलीत बसलेलं पहिल्यांदा बघत होतो. त्यांनी अगदी मन लावून, सगळा जीव कानात आणून ऐकलं. मीही ऐकलं. आत काहीच नव्हतं, अनंता, आपण दोघांनी मिळून इतकं चांगलं काम केलं होतं.

कान न हलवताच त्यांनी मला विचारलं, "गेला?"

मंडळाच्या लेखात मी 'निधन' लिहून वेळ मारून नेली होती. पुण्याहून, अमरावतीहून फोन आले तेव्हा 'आपला अनंता' एवढं म्हणून थांबत होतो, पुढचं लोकच बोलत होते. त्या खोलीत मात्र माझ्याखेरीज सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

"हो वहिनी," मी म्हणालो. "गेला."